रूट, होम आणि प्रतिभाचं बोलणं

किशोर भंगाळेला भिंती घालायची भारी हौस. विटांच्या नव्हे, संगणकाच्या डिस्कवरच्या. भुसावळच्या तंत्रनिकेतनात संगणक शिकवण्यात त्याची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावरही घरात नवं यंत्र आलं की हा माणूस आधी कोरा कागद घेऊन बसायचा. डिस्कचा एक आडवा पट्टा काढायचा आणि त्यावर पेन्सिलीने रेघा मारत सुटायचं. इतकं रूटला, इतकं होमला, एवढंसं स्वॅपला, यंत्राच्या कच्च्या कामापुरतं. मग खोडायचं, पुन्हा आखायचं. चहा समोर गार होऊन जायचा.

त्याची बायको प्रतिभा पोस्टाच्या काउंटरवर होती. दिवसभर माणसांशी बोलून तिचं पोट भरत नसे, घरी येऊन ती पुन्हा बोलायला तयार. "फ्लॅट घेताना एवढं आखलं असतं ना," ती म्हणायची, "तर आपला फ्रिज स्वयंपाकघरात मावला असता. हॉलमध्ये पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसला नसता."

"हं," किशोर म्हणायचा. त्याचं बोलणं साधारण एवढंच असे.

विद्यार्थ्यांपुढे मात्र त्याला कंठ फुटायचा. लिनक्स ही प्रणाली संगणकावर बसवण्याआधी जागा आखा, हे त्याचं पालुपद होतं. "अरे, यंत्राचं सामान वेगळं आणि माणसाचं सामान वेगळं. रूटमध्ये यंत्राचं. ते बिघडलं, पुसलं, नव्याने घातलं, हरकत नाही. होममध्ये माणसाचं. त्याला हात लावायचा नाही. मध्ये भिंत असली की एका बाजूला आग लागली तरी दुसरीकडचा माणूस झोपेतून उठत नाही." मुलं हसायची आणि परीक्षेत नेमकं हेच लिहायची. शिकवणं खरंही होतं. नवी आवृत्ती आली की किशोर रूट पुसून नव्याने बसवी, आणि होममधले फोटो, गाणी, त्याचे लेख, मुलीच्या शाळेतल्या चित्रांचे स्कॅन जसेच्या तसे परत समोर येत. दर रविवारी होमची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाई, ती वेगळीच. या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग प्रतिभाच्या हातातून शिक्का पडायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, वय. नंतर जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. हात जातील, पाय जातील, जीभही जाईल. बुद्धी मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं. प्रतिभाने घरी आल्यावर विचारलं, "म्हणजे मला सगळं कळणार, आणि बोलता नाही येणार? मग तर मी फुटूनच जाईन हो."

त्याच सुमाराला कंठपट्टी बाजारात आली होती. आपण बोलतो तेव्हा जीभ, घसा, जबडा यांच्या स्नायूंना विजेचे बारीक निरोप जातात. आवाज फुटला नाही, ओठ हलले नाहीत, तरी माणूस शब्द म्हणायचा प्रयत्न करतो तेव्हा ते निरोप निघतातच. गळ्याभोवतीची मऊ पट्टी ते टिपते आणि घरच्या संगणकाकडे पाठवते. संगणकात मग दोन कामं चालतात. एक, निरोपावरून शब्द ओळखायचा. दोन, तो शब्द आवाजात म्हणायचा. दुसरं काम सोपं, जुनी रेकॉर्डिंग दिली की माणसाचा हुबेहूब आवाज तयार होतो. पहिलं कठीण, कारण प्रत्येकाचे निरोप निराळे, आणि या आजारात ते रोज थोडे मंद होत जाणारे. म्हणून पट्टी लवकर बांधावी लागते. बोलता येत असतं तेव्हा संगणक उच्चारलेला शब्द आणि निरोप यांची सांगड घालून घेतो. पुढे निरोप जसजसे क्षीण होतील तसतसा तोही रोज थोडा बदलतो, कालच्या शिकण्यावर आजचं रचत जातो. जिना उतरताना कोणी हात धरून सोबत उतरावं, तसं. हात मध्येच सुटला तर तळाशी पोचलेल्या माणसाला काही शिकवता येत नाही, कारण तोवर निरोप म्हणजे नुसती कुजबुज उरलेली असते.

कंपनीकडून शबनम तडवी नावाची इंजिनिअर आली, यावलकडची, बोलायला मोकळी. तिने पट्टी प्रतिभाच्या गळ्यात बांधली. प्रतिभाने आरशात पाहिलं. जीभ तेव्हा जडावली होती, पण चालत होती. "लग्नात चिंचपेटी मागितली, तर सोनं महाग आहे म्हणाले होते हे," ती शबनमला म्हणाली. "आता बघ, मिळाली एकदाची."

शबनमने विचारलं, "सर, शिकलेल्या मॉडेलची एक प्रत कंपनीकडे ठेवायची का? बऱ्याच जणांची ठेवतो."

"मुळीच नाही," किशोर म्हणाला. "आमच्या घरातलं बोलणं आमच्या घरात राहील. आणि संगणकावर तुम्ही काही बसवू नका. ते मी करतो."

"मॅडमना विचारायचं का?"

"तिला काय विचारायचं? तिला यातलं कळत नाही."

प्रतिभाने पट्टीवर बोट फिरवलं. बोलता येत असतानाही ती गप्प बसली, ही गोष्ट खरं तर त्याच्या ध्यानात यायला हवी होती.

पण पट्टीने कमाल केली. जीभ पार निजली तरी प्रतिभाचं बोलणं चालू राहिलं. आवाज किशोरनेच तयार केला होता, जुन्या व्हिडिओंतून, फोनवरच्या निरोपांतून एकेक वाक्य वेचून, तिच्या काउंटरवरच्या दिवसांतला खणखणीत आवाज. पलंगावर पडल्या पडल्या ती शेजारणीशी भांडे, पुण्याला असलेल्या लेकीला, ईश्वरीला, फोनवर पाककृती सांगे, किशोरने भाजीत मीठ जास्त टाकलं की उशाच्या स्पीकरमधून त्याचा उद्धार करी. बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, बाई आजारी नाहीच, नुसती आळसावली आहे. किशोर "हं" म्हणे आणि मनातून सुखावे. आपल्या घरातली एक गोष्ट तरी आजाराला हरवता आली नाही, आणि ती आपण बसवली आहे, याचा त्याला अभिमान होता.

पुढे पुढे शब्द उशिरा यायला लागले. प्रतिभा म्हणायची "पडदा सरकवा", आणि ते शब्द येईपर्यंत ऊन तिच्या तोंडावर येऊन गेलेलं असे. कधी अर्धं वाक्य यायचं आणि यंत्र गप्प.

किशोरने तपासलं. रूट भरलं होतं, काठोकाठ. जुन्या सवयीने त्याने रूटला जागा बेताची ठेवली होती आणि बाकीची सगळी होमला. काय भरलं आहे म्हणून त्याने वरवर पाहिलं. यंत्राच्या नोंदी साठतात त्या व्हार नावाच्या कोपऱ्यात अगम्य नावांच्या फायलींचा ढीग होता. यंत्र स्वतःपुरतं असलं काहीबाही साठवत असतंच. होम मात्र अर्धंअधिक रिकामं.

"कचरा साठलाय," त्याने जाहीर केलं. "आता पुन्हा आखणी करतो. रूट मोठं करतो आणि नव्याने बसवतो. एकदम पळायला लागेल बघ."

तो कागद घेऊन तिच्या पलंगाजवळच बसला. पेन्सिलीने पट्टा काढला. कितीतरी दिवसांनी असं आखायला मिळत होतं, आणि त्याला चक्क शीळ घालावीशी वाटत होती.

स्पीकर उशिराने बोलला. "काय करून राहिले?"

"भिंत सरकवतो आहे."

"माझं जाणार नाही ना काही?"

"होमला मी हातच लावत नाही. तुझं, माझं, सगळं तिथेच आहे. रूट म्हणजे यंत्राचं सामान."

"ईश्वरीला विचारून घ्या आधी. नाहीतर त्या शबनमला."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मभर ज्याने पोरांना पार्टिशन शिकवलं, त्याने कुणाला विचारायचं? "ज्या दिवशी मला हे दुसऱ्याला विचारावं लागेल," तो म्हणाला, "त्या दिवशी संगणक विकून टाकीन. दुपारी थोडा वेळ बोलता येणार नाही एवढंच. जरा विश्रांती घे, आम्हालाही मिळू दे."

हे तो हसत म्हणाला होता. प्रतिभाही हसली असावी. तिचा चेहरा आता हलत नव्हता, त्यामुळे सांगता येत नाही.

जेवणं झाल्यावर त्याने बसवायला घेतलं. इन्स्टॉलरने प्रामाणिकपणे विचारलं, या भागावरचं सर्व पुसलं जाईल, चालेल? त्याने रूटसमोर हो म्हटलं आणि होमसमोर नाही. पुन्हा एकदा डोळ्यांनी खात्री करून घेतली. वर्गात शिकवताना करायचा अगदी तसंच. रूट पुसलं गेलं, होमची सीमा मागे सरकली, रूट ऐसपैस झालं. यंत्र नव्याने उठलं तेव्हा त्याचे फोटो, लेख, गाणी सारं जागेवर होतं. त्याने कंठपट्टीचं सॉफ्टवेअर पुन्हा घातलं आणि मोठ्याने हाक मारली, "हं, बोल आता!"

पडद्यावर ओळ आली. पहिल्यांदा वापरताय का? सुरुवात करण्यासाठी पडद्यावरचा शब्द स्पष्ट म्हणा.

त्याला वाटलं, काहीतरी जोडायचं राहिलं. त्याने होम धुंडाळलं. आवाजाची फाइल होती. ती त्याने स्वतः बनवून स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. शिकलेलं मॉडेल कुठेच नव्हतं. त्याने बाहेरची डिस्क जोडली, रविवारच्या प्रती एकामागून एक उघडल्या. प्रत्येकीत होम होतं, पूर्ण, नीटनेटकं. त्याने शबनमला फोन लावला.

शबनमने फोन उचलला. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "सर, मॅडमचं त्या संगणकावर खातं होतं का?"

"खातं?"

"युजर. त्यांच्या नावाचं. आपलं सॉफ्टवेअर बसवताना विचारतं ना, कोणासाठी बसवायचं? त्या माणसाचं खातं असलं तर शिकलेलं सगळं त्याच्या होममध्ये जातं. खातं नसलं तर 'या यंत्रासाठी' असं निवडावं लागतं. मग ते यंत्राचंच सामान धरलं जातं, आणि रूटमध्ये राहतं. व्हारमध्ये."

किशोरची नजर पेन्सिलीने आखलेल्या कागदावर गेली.

"सर? तुम्ही रूट पुसलं?"

नव्या डिस्क पुसलेली जागा आपणहून लगेच स्वच्छ करतात. पूर्वीसारखं खरवडून काही परत मिळत नाही. हेही तो वर्गात शिकवत असे. तरी पुढे त्याने डिस्क काढून पुसलेलं परत मिळवून देणाऱ्यांकडे मुंबईला पाठवली, आणि ती तशीच परत आली.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर त्याला आठवली ती फार जुनी दुपार. या घरातला पहिला लिनक्स संगणक. वापरणाऱ्याचं नाव विचारलं गेलं तेव्हा त्याने स्वतःचं टाकलं, मग कौतुकाने ईश्वरीचं टाकलं, ती तेव्हा दुसरीत होती. प्रतिभा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "माझंही टाका ना," ती म्हणाली होती. "तुला काय करायचंय वेगळं? माझ्यात बघत जा की," तो म्हणाला होता. त्यानंतर किती यंत्रं आली आणि गेली. दरवेळी त्याने तीच दोन नावं टाकली. लेक पुण्याला गेली, तिथेच राहिली, तरी तिचं खातं होतं. चोवीस तास घरात असलेल्या बाईचं नव्हतं. आणि तो तिला सांगत होता, तुझं सगळं होममध्ये आहे. ते खोटं बोललाही नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

तो तिच्या खोलीत गेला आणि तिला सगळं सांगितलं. रूट, व्हार, खातं, जुनी दुपार, काही लपवलं नाही. प्रतिभाचे डोळे त्याच्यावर होते. ती नक्कीच काहीतरी म्हणत होती. गळ्यातल्या पट्टीचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे निरोप निघत होते, पोचतही होते. ओळखणारं कोणी नव्हतं.

त्याने तिच्या नावाचं खातं उघडलं. शबनम येऊन बसली. पडद्यावर 'पाणी' आलं, मग 'आई', मग 'एक'. प्रतिभा प्रयत्न करत होती, कपाळावर घाम आला होता. शब्द ओळखला की वर उठणारी पडद्यावरची रेघ सरळच राहिली. शेवटी शबनमने पट्टी सोडली आणि तिच्या गळ्यावरचा वळ रुमालाने हलकेच पुसला. "जमणार नाही मॅडम," ती सरांना न सांगता तिलाच म्हणाली. "तुमच्यात कमी नाही काही. शिकायला याला आता उशीर झाला."

ईश्वरी पुण्याहून आली. तिने आदळआपट केली नाही, आणि तेच किशोरला जड गेलं. "पप्पा, मला एक फोन करायचा ना," एवढंच म्हणाली. येताना तिने एक पारदर्शक पाटी आणली होती, वर मराठी अक्षरं. पाटी दोघांच्या मध्ये धरायची, तिकडून आईने अक्षराकडे बघायचं, इकडून आपण तिची नजर पकडून ते अक्षर मोठ्याने म्हणायचं. डोळे वर नेले की हो, मिटले की नाही. डोळ्यांवर चालणारं यंत्र कंपनी देणार होती, पण त्याला अवकाश होता. पाटीवर एक वाक्य जुळायला चहा उकळून आटून जाईल इतका वेळ लागे. पूर्वी तेवढ्या वेळात प्रतिभाने एक शेजारीण, दोन भाच्या आणि पोस्टातला जुना साहेब निकालात काढला असता.

ईश्वरीशी ती पाटीवर बोलायची. पाणी. कूस. खिडकी. एकदा 'रडू नको'. किशोरने पाटी धरली की तिची नजर पाटीतून आरपार त्याच्यावर यायची आणि अक्षरावर काही जायची नाही. किती दिवस असे गेले. ती रागावली आहे, की दमली आहे, की त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही, त्याला कळेना. तिने शिव्या घातल्या असत्या तरी त्याच्या जिवात जीव आला असता.

एका दुपारी ईश्वरी औषधं आणायला गेली होती. किशोर संगणकापुढे बसला. होममध्ये आवाजाची फाइल होतीच. आवाज त्याच्या होममध्ये होता, बोलणं नव्हतं. त्याने सहज म्हणून ती उघडली. खाली एक चौकोन आला, म्हणायचं ते इथे लिहा. त्याने टाइप केलं, अहो, जाऊ द्या.

"अहो, जाऊ द्या," प्रतिभा म्हणाली.

तोच आवाज. 'अहो'वर किंचित रेंगाळणारा, 'द्या'शी येऊन हसणारा. किशोरने आणखी लिहिलं. होतं असं माणसाकडून. तुम्ही काय मुद्दाम केलं का? आवाजाने तेही म्हटलं, अगदी ती म्हणाली असती तसंच. मग बोटं थांबेनात. मी नाही रागावले. तुम्हीच जेवत नाही आहात दोन दिवस, चला, जेवून घ्या. तो ऐकत होता, आणि म्हाताऱ्या तोंडावरून पाणी वाहत होतं, आणि त्याला वाटत होतं की छातीवरचं ओझं खरंच उतरत आहे. शेवटची ओळ त्याने पुन्हा लावली.

मग त्याला आठवलं की स्पीकर तिच्या उशाशी आहे.

तो उठला. खोलीच्या दारापर्यंत जायला त्याला कधी एवढा वेळ लागला नव्हता. प्रतिभा दाराकडेच बघत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पाटीकडे, पुन्हा त्याच्याकडे. त्याने पाटी उचलली. ती स्थिर धरायला त्याला कोपर पलंगाच्या कठड्यावर टेकवावं लागलं.

तिची नजर हलली. तो एकेक अक्षर म्हणत गेला, चुकला की तिचे डोळे मिटत, आणि तो परत बघे.

हे मी म्हटलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "तू नाही म्हटलंस. मीच म्हटलं." त्याने पाटी खाली ठेवायला घेतली, पण तिची नजर पाटीवरच होती. त्याने ती पुन्हा धरली.

मला विचारा.

एवढं जुळायला खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. किशोर पलंगाच्या कडेवर बसला. जन्मभरात त्याने तिला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या, पुष्कळ ठरवून टाकल्या होत्या. विचारायचं म्हटल्यावर त्याला शब्द शोधावे लागले.

"प्रतिभा, मला माफ करशील का?"

तिने डोळे मिटले.

त्याला वाटलं, थकली. तो थांबला. तिने डोळे उघडले, सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला संशय राहू नये म्हणून पुन्हा एकदा मिटले.

नाही.

किशोरने मान हलवली. त्याला ते लागलं, फार लागलं. पण या घरात इतक्या दिवसांत तिने त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. तो जागचा हलला नाही. तिच्या कपाळावर आलेली बट त्याने मागे सारायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"सारू का?" त्याने विचारलं.

डोळे वर गेले. त्याने बट सारली.

"मघाचं उद्या परत विचारू?"

प्रतिभा जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे वर नेले, आणि त्याला नीट दिसेपर्यंत ते तसेच धरून ठेवले.